दर, अंकी व अक्षरी

पोर्टल पाचला बंद होतं.
आत्ता पावणेतीन, आणि दादासो परीट
माझ्या झेरॉक्सच्या दुकानात स्टुलावर बसलेत,
मांडीवर पिशवी, पिशवीत वीस वर्षं:
शॉप ॲक्ट, जीएसटीचे कागद, टेम्पोचं आरसी बुक,
एका नर्सिंग होमचं पत्र,
'काम समाधानकारक', सही कुणाची ते लागत नाही.
डिजिटल सहीची डोंगल
गोदामाच्या चावीसोबत एकाच जुडग्यात.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्याच्या चादरी धुवायच्या.
रोज सहाशे नग. दोन वर्षं.

माझं काम बांधणीचं.
पानाला क्रमांक, पानाला शिक्का,
अनुभवाचा दाखला वर, ताळेबंद त्याच्या पाठीला,
उघडणाऱ्या कारकुनाला थुंकी लावून शोधायला नको.
लोकांना वाटतं निविदा दरावर जाते.
दरापर्यंत पोचतंय कोण?
गेल्या साली रऊफ बागवानांचं शपथपत्र
शंभराच्या स्टॅम्पवर होतं, मागितलं होतं पाचशेच्या.
त्यांचा दुसरा लिफाफा उघडलाच नाही.
आत काय होतं ते फक्त त्यांना ठाऊक. आणि मला.

पहिला लिफाफा चढला. चहा आला.
दादासो बशीत ओतता ओतता विचारतात,
"रगताचा डाग येगळा धरायचा का?"
मी अट क्रमांक सतरा वाचते:
डागविरहित. त्यासाठी वेगळा दर देय नाही.
ते हसतात.
"रगात गार पाण्यानं जातं, बाई.
गरम घातलं की जन्माचं बसतं.
हे सतरा नंबरात लिवलंय का?"

नव्हतं लिहिलेलं.
तीन वाजून चाळीस मिनिटांनी
मी चढवलेला लिफाफा मागे घेतला
आणि 'कार्यपद्धती' या पानावर,
जिथे सगळेच 'अत्याधुनिक यंत्रणेद्वारे' लिहितात,
तिथे ते गार पाणी ओतलं.
शुद्धलेखन तेवढं माझं.

आता एकच रकाना.
सोडा, ब्लीच, बॉयलरचं जळण,
बोअरच्या जड पाण्याला दीडपट साबण,
डिझेल, हरवल्या चादरीचा दंड,
इस्त्रीला चार बायका.
बेरीज नऊ रुपये दहा पैसे, नगामागे.
"कुपवाडची मशीनवाली पार्टी
आठ सत्तरला उतरणार म्हणत्यात. खरं असंल का?"

कुपवाडचे हारुगे सकाळी अकराला
याच स्टुलावर बसले होते.
मी प्रिंटरचा कागद सारखा करते.
सारखाच असतो तो, तरी करते.

"आठ पासष्ट टाका."
टाकते. मग विचारते,
पंचेचाळीस पैसे कुठून काढले?
ते छताकडं बघतात. साबण ऐकणार नाही.
डिझेल तर कुणाचंच ऐकत नाही.
उरतात चार बायका.
बाहेर टेम्पोत सून बसलीय, रेश्मा,
त्या चारांतली एक, हातावर इस्त्रीचा जुना चट्टा,
मोबाईलवर काहीतरी बघून एकटीच हसतेय.

साडेचार.
"खोडा ते," दादासो म्हणतात.
"आठ नव्वद. वीस पैसं माझ्यातनं."
रोजचे एकशेवीस. दोन वर्षं.
त्यांनी ते मनात गुणलं असावं,
कारण बशी खाली ठेवताना
तिचा आवाज आला नाही.

आकडा टाकला की शेजारच्या चौकटीत
अक्षरं आपोआप उमटतात:
आठ रुपये नव्वद पैसे फक्त.
'फक्त' आम्ही लिहीत नाही, ते नमुन्यातच आहे.

चार एक्कावन्नला पावती निघाली.
लिफाफे गुरुवारी उघडतील.
हारुगेंचा आकडा मला पाठ आहे.
दादासोंना सांगितला नाही,
आणि आता हे सगळं झाल्यावर
तुम्हालाही सांगणार नाही.